डोळ्यापुढची नागमोडी रेघ आणि डब्यातल्या गोळ्या

पत्र: "वय ३४. खानापूर तालुक्यातल्या गावात राहते, घरी शिलाईकाम करते. विशीपासून डोकं दुखतं. आधी महिन्यातून दोन-तीनदा दुखायचं, आता आठवड्यातले चार-पाच दिवस. उजवी बाजू ठणकते, मळमळतं, उजेड नको वाटतो. उलटी झाली की बरं वाटतं, म्हणून सासूबाई म्हणतात पित्त आहे. दोनदा चष्मा बदलला, सायनस म्हणून नाकाची औषधं झाली. मेडिकलमधून गोळ्या आणते, महिन्याला तीन पाकिटं जातात. फारच झालं तर दवाखान्यात इंजेक्शन. भाऊ म्हणतो, बेळगावला जाऊन एमआरआय कर, डोक्यात गाठ असेल. पण मोठ्या दवाखान्यात कन्नडमधून सांगायला मला जमत नाही. कधी कधी दुखण्याआधी डोळ्यापुढे नागमोडी चमकतं, वीस मिनिटांत जातं. चार वर्षं माला-एन घेते, बाकी काही औषध नाही. लहानपणी दमा होता. दहा वर्षांच्या मुलीलाही अधूनमधून डोकं दुखून उलटी होते. काय करू?"

ताई,

तुम्ही विचारलंय गाठीचं आणि एमआरआयचं. पण त्याआधी पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलेल्या दोन ओळी घ्यायला हव्यात. दुखण्याआधी डोळ्यापुढे चमकतं ही एक, आणि माला-एन चालू आहे ही दुसरी. या दोन गोष्टी एकाच बाईच्या बाबतीत एकत्र असू नयेत.

ती नागमोडी चमक म्हणजे ऑरा. मेंदूच्या मागच्या बाजूला दृष्टीचं काम बघणारा भाग आहे. त्याच्यावरून विजेच्या हालचालीची एक लाट मिनिटाला काही मिलिमीटर इतक्या संथपणे सरकते. म्हणून ती रेघ एका ठिपक्यापासून निघते, पसरते, कडेला जाते आणि ५ ते ६० मिनिटांत विरते. काहींना चमकेबरोबर हाताची बोटं, मग ओठ असं मुंग्यांचं सरकणं जाणवतं. ऑरासह मायग्रेन असणाऱ्या बाईला मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन पक्षाघात होण्याचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो. तुमच्या वयात तो मुळात लहानच. पण माला-एनच्या पाकिटातल्या २८ पैकी २१ गोळ्यांत लेव्होनॉर्जेस्ट्रेलबरोबर एथिनिल एस्ट्रॅडिओल म्हणजे इस्ट्रोजेन असतं, आणि ते हा धोका वाढवतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत ऑरा असणाऱ्या बाईसाठी अशी मिश्र गोळी चौथ्या वर्गात बसते. चौथा वर्ग म्हणजे वापरूच नये. त्यात बिडी, सिगारेट किंवा रक्तदाब असला तर आणखी वाईट. मिश्री लावत असाल तर तीही सोडा.

म्हणून याच आठवड्यात उपकेंद्रातल्या नर्सबाईंना किंवा डॉक्टरांना भेटा आणि नेमकं हेच वाक्य सांगा: "दुखण्याआधी डोळ्यापुढे चमकतं आणि मी माला-एन घेते." पाकीट संपायची वाट बघू नका. गोळी मध्येच थांबवताना गेल्या काही दिवसांत संबंध आला असेल तर तेही सांगा, आणि दुसरं साधन सुरू होईपर्यंत निरोध वापरा. सरकारी दवाखान्यात तांबी मिळते. 'छाया' ही बिनहार्मोनची गोळी मिळते, ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची असते. 'अंतरा' इंजेक्शनही आहे, त्यात इस्ट्रोजेन नसतं. यांतलं तुम्हाला काय सोसेल ते तपासून ठरेल. गोळ्या देणाऱ्या आशाताईंवर रागावू नका. चमकेचा आणि गोळीचा काही संबंध असेल हे तुम्हालाही कुठं ठाऊक होतं?

आणखी एक बघा. पाकिटातल्या शेवटच्या सात गोळ्या लोहाच्या असतात, त्यांत हार्मोन नसतं. त्या दिवसांत दुखणं वाढतं का? इस्ट्रोजेन एकदम उतरलं की मायग्रेन उठतं. पाळीच्या तोंडावर डोकं धरतं तेही याचमुळे, आणि बायकांत हा आजार पुरुषांच्या साधारण तिप्पट दिसतो त्यामागचं मोठं कारणही हेच.

आता पित्ताचं. आपल्याकडे डोकं दुखून उलटी झाली की निदान घरातच होतं, आणि त्याच्यावर अपील नाही. पण उलटी हे मायग्रेनचं लक्षण आहे, कारण नव्हे. झटका सुरू झाला की जठराची हालचाल मंदावते, खाल्लेलं पुढं सरकत नाही, मळमळतं. पोट रिकामं असताना उलटी झाली की पिवळं-कडू पाणी पडतं, तेच पित्त म्हणून दाखवलं जातं. उलटीनंतर बरं वाटतं, कारण बऱ्याचदा झटका तोवर उतरणीला लागलेला असतो. म्हणून बोटं घालून उलट्या काढू नका. त्यानं झटका लवकर सुटत नाही, शरीरातलं पाणी मात्र जातं. जठर मंदावण्याचं ध्यानात ठेवा, गोळीच्या वेळेशी त्याचा थेट संबंध आहे. तो पुढं येईल.

मायग्रेन, म्हणजे आपल्या बोलीतली अर्धशिशी, ओळखायला कुठलंही यंत्र लागत नाही. असे निदान पाच झटके येऊन गेलेले असावेत. औषध न घेतल्यास दुखणं ४ ते ७२ तास टिकतं. पुढच्या चारपैकी दोन गोष्टी असाव्यात: एका बाजूला दुखणं, ठणका मारणं, काम थांबेल इतकं दुखणं, आणि जिना चढणं, घागर उचलणं असल्या साध्या हालचालीनं वाढणं. जोडीला मळमळ किंवा उलटी, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होणं. तुमचं पत्र या चौकटीत बसतं. नाव अर्धशिशी असलं तरी दोन्ही बाजू दुखणाऱ्यांची संख्या कमी नाही, हे घरात सांगायला हरकत नाही.

सायनसची गल्लत होते, कारण झटक्यात कपाळ आणि गाल जड होतात, नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणीही येतं. ज्या मज्जातंतूमुळे दुखतं त्याच्या फांद्या कपाळ, डोळा, गाल आणि जबडा सगळीकडे जातात. त्या तंतूंतून सीजीआरपी नावाचं द्रव्य सुटतं, मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्या फुगून ठणकतात. खऱ्या सायनसमध्ये नाकातून घट्ट पिवळा-हिरवा स्राव येतो, ताप असतो, वास येईनासा होतो. चष्म्याचा नंबर चुकल्यानं संध्याकाळी डोळे शिणतात, उलटीसह दोन दिवस अंथरूण धरावं लागत नाही. मान आखडते म्हणून मानेचा एक्स-रे काढायचीही पद्धत पडलीय. मान आखडणं झटक्याच्या आधीच, कधी एक-दोन दिवस आधी, जांभया आणि चिडचिडीबरोबर येतं आणि तोही मायग्रेनचाच भाग असतो.

गाठीबद्दल थोडक्यात. चौदा वर्षं एकाच ढंगानं दुखतंय, मधले दिवस पूर्ण बरे गेलेत, हातापायांत कमजोरी नाही. हे चित्र गाठीचं नाही. डॉक्टरांनी रक्तदाब, हातापायांची ताकद, चाल आणि डोळ्याचा पडदा तपासला आणि सगळं ठीक निघालं, तर ठराविक मायग्रेनला एमआरआय लागत नाही. पडदा तपासा असं मात्र आग्रहानं सांगा. मेंदूतला दाब वाढला तर डोळ्यामागची चकती सुजते, ती बॅटरीसारख्या छोट्या उपकरणानं दिसते. उगाच काढलेल्या एमआरआयत 'सायनसचं अस्तर जाड', 'पांढरे ठिपके' असं काहीबाही निघतं आणि त्या कागदापायी माणूस आणखी सहा दवाखाने फिरतो.

भाऊ काळजीपोटी बोलतोय, त्याला खरी धोक्याची चिन्हं सांगून ठेवा. एका मिनिटाच्या आत कळसाला पोचणारी, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी. तापाबरोबर मान ताठ. तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं, बोबडी वळणं. फिट येणं, शुद्ध हरपणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं. गरोदरपणी किंवा बाळंतपणानंतर नव्यानं सुरू झालेलं दुखणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच आलेली डोकेदुखी. खोकल्यानं, वाकल्यानं उठणारं आणि आठवड्यागणिक वाढत जाणारं दुखणं. डोळा लाल होऊन दुखणं आणि दिव्याभोवती कडी दिसणं. यांतली शेवटची तीन थोड्या दिवसांत दाखवावीत, डोळा लाल असेल तर त्याच दिवशी. बाकीच्यांना १०८ ला फोन करा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेव्हा ओळखीच्या गाडीची वाट बघत बसायचं नाही. ऑरा आणि पक्षाघात यांतला फरक असा: ऑरा हळूहळू पसरतो, त्यात चमक असते, मग ओसरतो, पक्षाघात एका क्षणात येतो, आणि त्यात काहीतरी जातं, दिसणं, बोलणं किंवा हात. तुमची चमक कधी तासाभरापेक्षा जास्त टिकली किंवा सोबत एक बाजू लुळी पडली, तर ती नेहमीची म्हणून सोडू नका.

आता गोळ्या. महिन्यातून दोन-तीनदा दुखणारं डोकं आठवड्यातून पाच दिवस दुखायला लागलं, ते बहुधा डब्यातल्या गोळ्यांमुळेच. पॅरासिटॅमॉल, आयबुप्रोफेनसारखी साधी वेदनाशामक महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या, अर्गोटामिन, ट्रिप्टान (मायग्रेनवरची खास गोळी, ती पुढं येईल) किंवा ट्रामाडोलसारखी अफूच्या जातीची औषधं १० किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त चालली की मायग्रेनच्या माणसाला गोळीच दुखणं लावते. गोळी उतरली की डोकं दुखतं, म्हणून पुन्हा गोळी. पहाटे डोकं दुखूनच जाग येते, कारण रात्रीची मात्रा तेव्हा संपलेली असते. कंबरेसाठी रोज वेदनाशामक घेणाऱ्यालाही, त्याला मूळचं मायग्रेन असेल तर, हे होऊ शकतं. इथं दिवस मोजायचे असतात, एका दिवशी चार घेतल्या तरी तो एकच दिवस.

आज एक काम करा. डब्यातली सगळी पाकिटं काढा आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय लिहिलंय ते मुलीकडून वाचून घ्या. पुढचं कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. अर्गोटामिन, कॅफीन, पॅरासिटॅमॉल आणि उलटीचं औषध असं चार औषधांचं मिश्रण आपल्याकडे 'अर्धशिशीची गोळी' म्हणून सर्रास खपतं. अर्गोटामिन रक्तवाहिन्या आवळतं. हृदयाचं दुखणं, उच्च रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर ते चालत नाही. खोकल्या-तापासाठी एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन चालू असताना घेतलं तर हातापायांच्या बोटांचा रक्तपुरवठा तुटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. ट्रिप्टानबरोबर चोवीस तासांच्या आत तर कधीच नाही. इंजेक्शनचंही नाव असंच माहीत हवं. कुठलं दिलं ते चिठ्ठीवर लिहून मागा. डायक्लोफेनॅक असेल तर ते वेदनाशामकच आहे, त्याचा दिवसही मोजायचा.

सोडायचं कसं? साधी वेदनाशामकं आणि ट्रिप्टान डॉक्टरांना सांगून एकदम थांबवता येतात. ट्रामाडोल, कोडीन किंवा झोपेची गोळी रोजची असेल तर मनानं एकदम थांबवू नका, ती उतरवत न्यावी लागते. पहिले दोन ते दहा दिवस वाईट जातात. दुखणं वाढतं, मळमळतं, झोप उडते, जीव कासावीस होतो. बहुतेक जण इथंच माघार घेतात आणि मग 'गोळीशिवाय जमत नाही' हे पक्कं होऊन बसतं. तेव्हा गणपतीच्या आधीचे किंवा लग्नसराईचे ब्लाऊज अंगावर असताना हे सुरू करू नका, मोकळे पंधरा दिवस बघा. घरात आधी सांगून ठेवा. त्या दिवसांसाठी उलटीचं औषध आणि सोबत प्रतिबंधक औषध डॉक्टर देतात. पूर्ण फरक दिसायला दोन महिने लागतात, पण बऱ्याच जणांचं दुखणं त्यातच पुन्हा जुन्या पट्टीवर, महिन्यातून काही वेळा, येतं.

त्यानंतर झटका आला तर गोळी घ्यायचीच, फक्त नीट. ठणका चढायच्या आधी, पहिल्या तासात, आणि पूर्ण मात्रेत. 'बघू, थांबेल' म्हणून दोन तास काढले की जठर मंदावलेलं असतं, गोळी पोटात तशीच पडून राहते किंवा उलटीतून जाते, आणि मग गोळी कुचकामी ठरते. मोठ्या माणसाला आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम किंवा नॅप्रोक्सेन ५०० मिलिग्रॅम, थोडं खाऊन. नाहीतर पॅरासिटॅमॉल १००० मिलिग्रॅम, म्हणजे ५०० च्या दोन. वजन ५० किलोच्या खाली असेल तर वजनाप्रमाणे कमी. मळमळ असेल तर डॉक्टर डॉम्पेरिडोन किंवा मेटोक्लोप्रमाइड जोडतात. त्यानं उलटी तर थांबतेच, अडलेलं जठरही हलतं आणि गोळी लागू पडते. अल्सर किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असेल, किंवा गरोदरपण असेल, तर आयबुप्रोफेन-नॅप्रोक्सेन टाळायचं. तुम्हाला लहानपणी दमा होता. काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिन आणि या जातीच्या गोळ्यांनी धाप लागते. आजवर तसं कधी झालं असेल तर ते नक्की सांगा.

या गोळ्यांनी भागलं नाही तर सुमाट्रिप्टान ५० किंवा रिझाट्रिप्टान १० मिलिग्रॅम आहे. ही वेदनाशामकं नव्हेत, मायग्रेनच्या वाटेवरच काम करतात. चिठ्ठीशिवाय घ्यायची नाहीत. हृदयविकार, पक्षाघात किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असेल तर मुळीच नाही. चमक चालू असताना घेण्यात अर्थ नसतो, ठणका सुरू होताच घ्यायची. काही मिनिटं छाती किंवा गळा आवळल्यासारखा वाटू शकतो. एका झटक्यात गुण आला नाही म्हणून फेकू नका, तीन वेगवेगळ्या झटक्यांत वापरून मग ठरवा. एकूण हिशेब असा ठेवा की कुठलंही झटक्याचं औषध आठवड्यात दोन दिवसांच्या वर जाऊ नये.

महिन्यात चार किंवा जास्त दिवस काम बुडत असेल तर रोज घ्यायचं प्रतिबंधक औषध लागतं. तुम्हाला ते लागेलच. इथं तुमचा दमा पुन्हा आडवा येतो. सर्वांत जास्त लिहिलं जाणारं प्रोप्रॅनोलॉल श्वासनलिका आवळतं, दम्याच्या माणसाला ते देत नाहीत. लहानपणीचाच असला तरी सांगा, डॉक्टर विचारतीलच असं नाही. ॲमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅमपासून रात्री सुरू करतात. तोंड कोरडं पडतं, सकाळी सुस्ती राहते, म्हणून ती झोपायच्या बऱ्याच आधी घ्यावी. फ्लुनारिझिननं झोप आणि वजन वाढतं, काहींचं मन उदास होतं. टोपिरामेटनं बोटांना मुंग्या येतात, भूक मरते, मुतखड्याची शक्यता वाढते. पाणी जास्त प्यावं लागतं. गर्भ राहिला तर टोपिरामेट बाळाला अपाय करतं, आणि व्हॅल्प्रोएट तर मूल होऊ शकणाऱ्या वयातल्या बाईला मायग्रेनसाठी देऊच नये. पाळणा लांबवायचाय की थांबवायचाय, हे म्हणूनच डॉक्टरांना ठाऊक हवं. यातलं कुठलंही औषध पूर्ण मात्रेला पोचल्यावर आठ आठवडे तरी द्या. पंधरा दिवसांत गुण नाही म्हणून सोडलं आणि दुसऱ्या दवाखान्यात गेलात की नव्या डॉक्टरांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. गुण आला की सहा ते बारा महिन्यांनी हळूहळू उतरवतात. याहून नवी, सीजीआरपीवर नेम धरणारी इंजेक्शनंही निघाली आहेत, महाग आहेत. तुमच्या टप्प्यावर त्यांची घाई नाही.

दुखणं कशानं उठतं, याची यादी प्रत्येकीची वेगळी. तरी आपल्या भागातल्या काही गोष्टी पुन्हा पुन्हा आढळतात. पहिली म्हणजे उपाशी राहणं. सोमवार, गुरुवार आणि वर संकष्टीला चंद्रोदयापर्यंत थेंबही नाही, असं असेल तर त्या तारखा आणि दुखण्याच्या तारखा शेजारी मांडून बघा. उपास सोडा असं कुणी म्हणत नाही. पण दर तीन-चार तासांनी दूध, केळं, राजगिरा, शेंगदाणे आणि भरपूर पाणी यांनी उपास मोडत नाही. दुसरी, डोक्यावरून न्हाणं. ओले केस तासन्तास बांधून ठेवले की काहींना हमखास धरतं. काहीतरी खाऊन, दुपारच्या उन्हाआधी न्हा आणि केस लगेच कोरडे करा. मग ऊन, चुलीचा धूर, फोडणीचा ठसका, उदबत्ती, निपाणीकडे तंबाखूच्या वखारींचा वास, सौंदत्तीच्या यात्रेतलं जागरण आणि बसचा प्रवास. झोप कमी झाली तरी दुखतं आणि रविवारी दोन तास जास्त झाली तरी दुखतं. चहा बंद करायची गरज नाही, दिवसाला दोन-तीन कप आणि ठरलेल्या वेळी घ्या. रोज सहा कप घेऊन एकदम तोडलात तर त्यानंही डोकं धरेल. मशीनवर लुकलुकणारी ट्यूब असेल तर बदला. आणि एकच कारण शोधत बसू नका. पाळी जवळ आली, झोप झाली नाही, त्यात उपास, असं तीन गोष्टी साचल्या की झटका येतो. त्यांतली एखादी जरी आवरली तरी बऱ्याचदा वाचतो.

झटक्यात अंधारी खोली, कपाळावर किंवा मानेवर गार पाण्याची घडी, झोप. मळमळीला आल्याचा चहा चालतो. बामच्या उग्र वासानं काहींचं उलट वाढतं. सुंठ-मिरीचा दाट लेप रात्रभर ठेवून कातडी पोळते. डाग देणाऱ्याकडे तर कुणाच्याही सांगण्यावरून जाऊ नका. सूर्योदयाआधी दूध-जिलेबी खायच्या उपायाबद्दल ऐकलं असेलच. त्यात गुण असलाच तर सकाळी उपाशी न राहण्याचा असावा, जिलेबीचा नव्हे.

आता दवाखाना आणि भाषा. भाषेची धास्ती तारखा आणि आकड्यांनी निम्मी कमी होते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजपासून रोज खुणा करा: दुखलं तर 'दु' आणि बाजूला १, २ किंवा ३ (१ म्हणजे काम चालू, ३ म्हणजे अंथरूण), गोळी घेतली तर 'गो', पाळी असेल तर 'पा', चमक दिसली तर एक नागमोडी रेघ. महिन्याच्या शेवटी दोनच बेरजा: दुखण्याचे दिवस किती, गोळीचे दिवस किती. मायग्रेनमध्ये डॉक्टर सर्वांत आधी जे विचारतात ते या दोन आकड्यांत आहे, आणि आकडे मराठीतही तेच आणि कन्नडमध्येही तेच. रिकामी पाकिटं फेकू नका, पिशवीत घालून न्या.

बोलताना एवढे शब्द पुरतात. डोकेदुखी म्हणजे 'तलेनोवु', अर्धं डोकं दुखणं 'अर्ध तलेनोवु', उलटीला 'वांती' आपलंच आहे, गोळी म्हणजे 'मात्रे'. 'तलेसुत्तु' मात्र चक्कर, दुखणं नव्हे. ही गल्लत झाली तर चक्करेचं औषध हातात पडेल. 'ऊटद नंतर' म्हणजे जेवणानंतर. बेळगावात मराठी कळणारे डॉक्टर आणि नर्स भरपूर आहेत, तेव्हा आधी मराठीतच सुरुवात करायला काही हरकत नाही. आणि हे पाच मुद्दे एका कागदावर लिहून न्या: चमक आणि माला-एन, लहानपणचा दमा, महिन्याचे गोळीचे दिवस, मागची सगळी औषधं, आणि पुढं मूल हवंय का.

पहिली भेट खानापूरच्या सरकारी दवाखान्यातही होऊ शकते. रक्तदाब, तपासणी, गर्भनिरोधक बदलणं एवढं तिथं होतं. प्रतिबंधक औषधासाठी बेळगावला जिल्हा रुग्णालयाच्या, म्हणजे बिम्सच्या, मेडिसिन विभागात जा. गरज पडली तर मेंदूरोगतज्ज्ञांकडे पाठवा म्हणून सांगा, तिथून किंवा केएलई रुग्णालयात. शक्ती योजनेत कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना साध्या सरकारी बसला तिकिटाचे पैसे लागत नाहीत, आधार कार्ड तेवढं जवळ ठेवा. कोल्हापूरला जायचं ठरवलंत तर ही सवलत राज्याबाहेरच्या प्रवासाला नाही. औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, म्हणजे जनऔषधी केंद्रात स्वस्तात मिळेल. आणि हो, हा आजार दुर्मीळ असल्यासारखं दबून सांगू नका. बंगळूर शहर आणि लगतच्या खेड्यांत २,३२९ प्रौढांची घरोघरी पाहणी झाली, २०१५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यात वर्षभरात मायग्रेन झालेले साधारण चौघांत एक निघाले.

राहिली मुलगी. मायग्रेन घराण्यात चालतं, पण लहान मुलांत वेगळं दिसतं. दोन तासांतही संपतं, बहुधा कपाळावर दोन्ही बाजूंना दुखतं, उलटी होते, झोपून उठली की मूल खेळायला पळतं. काहींना डोक्याऐवजी बेंबीभोवती पोटात दुखून उलट्या होतात, तोही याचाच भाऊबंद. तिला तुमच्या डब्यातली गोळी अर्धी करून देऊ नका आणि ॲस्पिरिन मुळीच नको. मुलांची मात्रा वजनावर ठरते: पॅरासिटॅमॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, आयबुप्रोफेन किलोमागे १०. ती न खाता शाळेला जाते का, पाण्याची बाटली भरलेलीच परत येते का, रात्री मोबाईल किती वाजेपर्यंत चालतो, हे आधी बघा आणि एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सकाळी उठताच उलटी, चालताना तोल जाणं, डोळा तिरळा होणं किंवा दुखण्यानं झोपेतून जागं होणं, यांतलं काही असेल तर मात्र कॅलेंडर भरेपर्यंत थांबू नका, लगेच न्या.